खिशातला बोल्ट

"कोणाचा इस्वास बसणार नाही, पण माह्या हातचा पहिला अलार्म वायर न जोडताच वाजला!"

एवढं म्हटलं की आर्णीच्या आमच्या गाड्यांना अलार्म बसवायच्या दुकानात गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक स्टूल पुढं ओढतंच. अकीला मात्र मान वर करत नाही. दुकान आता तिचं आहे. तिचे अब्बा निजामभाई गेले त्याला वर्ष झालं, तेव्हापासून लेकच चालवते.

परवा टॅक्सीवाला साजिद अलार्म बसवून घ्यायला आला होता. मी सुरू केलं.

कापसाचा भाव पार झोपला होता ती वर्षं. मी कामाला होतो त्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा माझी पंचेचाळिशी झालेली. वीस वर्षं रुईत काढली, त्यामुळे रंग दोनच ओळखता यायचे: पांढरा कापूस आणि पिवळा पडलेला कापूस. इथं निजामभाईंकडं तर अलार्मच्या डबीतून चौदा रंगांच्या वायरी लोंबत होत्या. निजामभाईंनी पंधरा दिवस त्या माझ्याकडून पाढ्यांसारख्या म्हणून घेतल्या. मग डोंगरसिंग ठेकेदाराची जीप माझ्या हवाली केली.

"भीमराजभाऊ, आज तुमी एकटे. वाजला तं उद्यापासून कायम. नाही वाजला तं दुसरं काही पाहा बा."

दुसरं काही म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मी डॅशबोर्डखाली असा घुसलो की बाहेर नुसते पाय. शेवटी बोनेटमध्ये भोंगा बसवला. त्याची लाल वायर जोडली. काळी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टानं कसायची, त्याशिवाय भोंगा मुका; तीच राहिली. बोल्ट समोर पडलेला दिसला आणि मी तो उचलून खिशात टाकला! जिनिंगची खोड. रुईत लोखंडाचा सुटा तुकडा गेला की मशीनमध्ये ठिणगी, आणि ठिणगी पडली की सारं गोदाम खाक. लोखंड दिसलं की हात आपसूक खिशाकडं जायचा.

डोंगरसिंग आला. त्यानं रिमोट दाबलं आणि दारावर बुक्की मारली. चिडीचूप.

"निजामभाई, हे तं मुकं हाये!"

निजामभाई पान चघळत उघड्या बोनेटमध्ये वाकले. "ठेकेदार, चोर काय असा लाडानं हात लावते? हाणा जोरानं!"

डोंगरसिंगनं लाथ घातली आणि भोंगा असा बोंबलला की बाजार समितीतले चाळीस बैल गाड्यांसकट घाटंजीच्या वाटेला लागले.

"मागच्या खेपेले वीसच होते," साजिद म्हणाला.

"तू तवा पाळण्यात होता बे. तुले काय दिसले?"

निजामभाईंनी मला चहा आणायला धाडलं. परत येतो तर बोनेट बंद आणि डोंगरसिंग खूश. संध्याकाळी माझ्या बायकोनं, रुखमाबाईनं सदरा धुवायला घेतला, तर बोल्ट खणकन बादलीत पडला. "काय लोखंड उचलून आणलं हो?" म्हणाली. तेव्हा कळलं, काळी वायर मी कसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर काम गेलं असतं. बोल्ट तेवढा खिशात ठेवला.

"अन् पुढच्या महिन्यात जीप आली, बोनेट उघडून पाह्यतो तं काळ्या वायरीवर बोल्ट! आपोआप उगवलेला! आता बोला!"

अकीलानं दातानं टेप तोडली.

"काका, खोटं बोलून राह्यले तुमी."

"बैलाचं?"

"बैलाचं तं साऱ्यायले मालूम हाये. वायर अब्बानं अंगठ्यानं दाबून धरली होती. तुमाले चहाले धाडलं अन् बोल्ट बसवला. तार घुसली होती अंगठ्यात, मीच काढली सुईनं. म्हने, भीमराजभाऊले सांगू नको, उद्या हात थरथरतीन त्यायचे."

मी खिशातला बोल्ट काढला. इतक्या वर्षांत घासून घासून चांदीसारखा झालेला. साजिदच्या टॅक्सीतल्या भोंग्याची काळी वायर अजून मोकळीच होती. मी अकीलाकडं पाना मागितला.