फटॉग्रफर

शिवकन्या डेमो तासाला उभी राहिली तेव्हा तिच्या पोटात चहासुद्धा नव्हता. नांदूरघाटहून पहिल्या गाडीने आली होती. तालुक्याच्या गावातल्या त्या नव्या इंग्लिश मीडियम शाळेत इंग्रजीची एकच जागा होती. ती मिळाली तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर आईबरोबर ऊसतोडीला. बाप गेल्यापासून आईला कोयत्याचा जोडीदार नव्हता, आणि मुकादम एकट्या बाईला टोळीत घ्यायला तयार नव्हता.

समोर सहावीची पोरं. मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष भागवतराव पाय पसरून बसलेले. त्यांना इंग्रजी कितपत येतं, हे विचारायची त्या शाळेत कुणाची टाप नव्हती.

"ड्रायव्हरला आपण 'की' लावली, काय झालं?" शिवकन्याने सुरुवात केली.

"ड्रायव्हरकी!"

"मेंबरला?"

"मेंबरकी!" पोरं खुलली.

"इंग्रजीबी अशीच शेपटं लावती. पण लई खोडील. शेपूट लागलं की शब्दातला जोर जागचा हालतो." तिने फळ्यावर फोटोग्राफ लिहिलं, त्याचे तुकडे पाडले आणि 'फो'वर टाळी वाजवली. मग शेवटी 'अर' जोडला. "आता फ-टॉ-ग्रफर. टाळी 'टॉ'वर."

"ओ मॅडम, थांबा!" भागवतराव उठले. "फटॉ काय, फटॉ? फटाका हाय का? सारा जिल्हा फोटोग्राफर म्हणतो."

पोरं खिदळली. शिवकन्याची कानशिलं तापली. तिने पिशवीतली डिक्शनरी काढून पान उघडलं. "ही जोराची खूण बघा साहेब. 'टॉ'च्या आधी हाय."

भागवतरावांनी पानाकडं पाहिलंच नाही. "शाळा माझी हाय, डिक्शनरीची न्हाई. 'माझं चुकलं' असं म्हणा पोरांपुढं. ऑर्डर आत्ता देतो."

दोन शब्दांचं काम होतं. आईचे फोड आलेले हात तिच्या डोळ्यांपुढं आले आणि ती रडायच्या बेतात होती. पण रडण्याआधी राग आला. उसाच्या फडाशेजारी, कोपीच्या खोपटात, पाचटावर बसून, एकेक खूण तिने एकटीने शिकली होती. तेव्हा हा माणूस कुठं होता?

"चुकलंच न्हाई, तर कावून म्हणू?"

"मग निघा तुमी. पुढच्याला बोलवा रे!"

शिवकन्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं दिलीत साहेब. तेवीस राहिलीत. ती घेतल्याबिगर मी हालणार न्हाई."

तिने खडू उचलला. "अप्लाय. जोर 'प्लाय'वर. आता शेपूट लावू. ॲ-प्लि-के-शन. टाळी कुठं, पोरांनो?"

पोरांनी आधी अध्यक्षांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि 'के'वर अशी टाळी हाणली की दारात आलेला पुढचा उमेदवार तिथंच थबकला. भागवतराव लालबुंद होऊन निघून गेले. तिने तास घंटेपर्यंत नेला.

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला. "आई, जागा गेली. मुकादमाला सांग, मी येतीय."

आईने विचारलं, "कावून गं? काय चुकलं का?"

"न्हाई," शिवकन्या म्हणाली. "एक शब्दबी न्हाई."