चाळणीवर उरलेले खडे

चिंचवडच्या खनिज प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मृदुलाने पाहिलं, की तिथले जुने तपासनीस मधुसूदनराव मँगनीजचा नमुना कुटून चाळतात आणि चाळणीवर उरलेले खडे सरळ बादलीत टाकतात. ते खडे गारगोटीचे, त्यांत मँगनीज नाहीच. ते वगळले की हलका माल उत्तम ठरे. तिने ते उचलून पुन्हा खलात घातले.

"ओ पंडितबाई, खाणवाला दारात उभा आहे. माल नापास झाला, तर तुमची नोकरी गेलीच म्हणून समजा."

"जाऊ दे. सगळं चाळणीतून जाईपर्यंत मी कुटणार."

मधुसूदनरावांनी बत्ता हिसकावून कपाटात कोंडला. "कुटा आता दातांनी!"

मृदुलाने दार उघडलं. "तुमचा माल तपासायचा राहिलाय," ती खाणवाल्याला म्हणाली. "बत्ता कपाटात कोंडलाय, किल्ली यांच्याकडे आहे, मागून घ्या. प्रयोगशाळेच्या साहेबांनाही मी हेच सांगायला चालले आहे."