वारा कोणाचा

माझ्या सासऱ्यांना पाण्याचा घोट मिळत नव्हता, कारण त्यांचा वारा सरत नव्हता. असलं वाक्य आपण कधी लिहू असं मला वाटलं नव्हतं. पण जव्हारच्या दवाखान्यात आमची जी काही लाज गेली, ती याच एका गोष्टीवरून.

मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आतड्याला भोक पडलं होतं. खोडाळ्याहून गाडी करून आम्ही त्यांना जव्हारला एका ट्रस्टच्या दवाखान्यात आणलं, आणि तिथं छातीखालून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडून ते शिवलं. माझा नवरा दिपेश ठाण्याला बांधकामावर, सासू घरी लेकरांपाशी, म्हणून मामांजवळ मी एकटीच. ज्यांच्यासमोर मी कधी खाटेवर टेकले नाही, त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची. ते डोळे मिटून घ्यायचे आणि मी भिंतीकडे बघायची. असं आमचं दोघांचं निभत होतं.

पहिल्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "काय पुंजाबाबा, गॅस पास झाला का?"

"झाला ना," मामा म्हणाले. "लय दिस झालं. शेगडीपन आली घरी."

अख्खा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले आणि मग त्यांनी समजावून सांगितलं, की सिलिंडरचं नाही, खालून वारा सरला का ते विचारतोय. वारा सरला म्हणजे आतडी कामाला लागली. मग पाणी, मग पेज. मामांनी मान हलवली, पण चेहरा पडला तो पडलाच. पाड्यावर भांडण झालं तर पंच म्हणून मामांना बोलावतात. लोक त्यांच्यासमोर खाली मान घालून उभे राहतात. आपल्याला कोणी हसावं याची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पायाशी वाकून चादर सारखी करत होते. तेवढ्यात वारा सरला. तसा लहानच, पण वॉर्डात नेमकं तेव्हा कोणी बोलत नव्हतं. शेजारच्या खाटेवर जामसरचा एक माणूस होता, त्याची बायको तुळशी. तोंडाची फाटकी, मनाची बरी. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं.

"अगं बाय! वाकलीस काय न् सोडलास काय! आजाऱ्याच्या खाटंपाशी तरी जरा जप."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मामांकडे बघितलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि कान लाल झाले होते. 'मी नाही' असं जिभेवर आलं होतं. पण मी नाही तर मग कोण? तिथं आम्ही दोघंच तर होतो. मी म्हटलं, "पोट बिघडलंय माझं," आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि रागही आला होता. पण एक समाधान होतं की उद्या मामांना पाणी मिळेल.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "सरला का वारा?"

"नाय," मामा म्हणाले.

मी बघतच राहिले. मग माझ्या ध्यानात आलं. 'हो' म्हटलं असतं तर तुळशीनं तिथंच दोन आणि दोन चार केले असते. कालचा वारा म्हाताऱ्याचा होता आणि त्यानं तो सुनेच्या नावावर खपू दिला, हे गावभर झालं असतं. एकदा नाही म्हटल्यावर तर पुढचा वाराही सोडायची सोय राहिली नाही; तसाच आवाज पुन्हा त्यांच्या खाटेवरून आला तर कालचाही कोणाचा ते कळलं असतं. मामा तो दाबून धरायला लागले. पायाची बोटं वळायची, कपाळाला घाम यायचा. ओठ फुटले होते. मी ओला कापूस ओठांवर फिरवायची तर ते तोच चोखायला बघायचे.

कोणी जवळ नाही असं बघून मी हळूच म्हटलं, "मामा, मला काही वाटत नाही. सांगून टाका." त्यांनी तोंड फिरवलं.

पुढच्या सकाळी डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोट दाबून बघितलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं. "पोट फुगायला लागलंय. आतडं अडकलं असावं. आजच नाशिकला हलवू. बहुतेक परत उघडावं लागेल."

परत उघडायचं! ताजे टाके उसवून त्या वाळलेल्या पोटाला पुन्हा सुरी लावायची. मग मी मामांच्या अब्रूचा विचार केला नाही.

"साहेब, वारा सरलाय त्यांचा. परवाच सरला."

"अगं, तो तुझा व्हता!" तुळशी म्हणाली. "मी या कानानं ऐकलाय. सासऱ्याच्या नावावर कां घालतेस?"

वॉर्ड पुन्हा हसला. डॉक्टर चिडले. "बाई, इथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. चेष्टा कसली करता?" आणि त्यांनी स्ट्रेचर आणायला सांगितलं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत रडले. हा माणूस मरेल पण बोलणार नाही असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मला मामांचा खरंच तिटकारा आला.

स्ट्रेचर खाटेला लागलं. दोघांनी मामांच्या काखेत हात घातले. तेव्हा मामांनी खाटेचा लोखंडी दांडा धरला आणि ते उठून बसले.

"थांबा," ते म्हणाले. आवाज घोगरा होता. "माझा व्हता तो. सुनेचा नाय."

तुळशीचा हात तोंडावर गेला.

"तुमी तिला हसलां नं मी गप ऱ्हायलो. झोपल्याचा सोंग केला मी. तिनं माझा गू-मूत काढला, आन् मी..." पंचासमोर आरोपी उभा राहतो तसे ते बसले होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टर म्हणाले, "बाबा, मग त्यानंतर एकदाही नाही?"

मामांना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. उठून बसण्याच्या खटपटीत अंग सैल पडलं होतं, धीर सुटला होता, आणि दोन दिवस कोंडलेलं सगळं एकदमच सुटलं. केवढा लांब, केवढा मोठा! दारातल्या नर्सनंही मान वळवली.

तुळशीनं खाली बघितलं. यावेळी हसायचं धाडस कोणाला झालं नाही.

मामांनी एका हातानं पोट धरलं, वॉर्डभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट करून सगळ्यांना बजावलं, "हिचा नाय. हापन माझाच."