चौथा कागद

मेट्रनबाईंच्या वॉर्डात छळाची एकही तक्रार नव्हती, म्हणून त्यांचा सत्कार ठरला होता. फक्त प्रत्येक नर्सकडून तसं लेखी हवं होतं. नव्या नर्सने लिहिलं, ‘मला इथे कुणाचाही त्रास नाही.’

बाईंनी पेशंटांदेखत कागद टराटरा फाडला. “अक्षर म्हणायचं की कोंबडीचे पाय? आईबापांनी हेच शिकवलं का?”

दुसरा कागद खाडाखोडीपायी गेला. तिसऱ्यावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, तोही गेला. तिची जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती. चौथा मात्र बाईंना पसंत पडला.

“आता खाली लिही,” त्या म्हणाल्या, “हे मी राजीखुशीने लिहून देते आहे. चुकलीस तर कागद पुष्कळ आहेत.”