गंडभेरुंडाची ताटली

माझा भाचा विश्वजीत खराडीला मोठ्या कंपनीत आहे, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत आहे. रविवारी त्याच्या मुलीचं, मुक्ताईचं, केळवण माझ्याकडे होतं. हा पठ्ठ्या लेकीला घेऊन सकाळीच दारात हजर, आणि बरोबर जुन्या वस्तूंची पारख करणारी मैत्री नावाची मुलगी. माझी रशियन ताटली परदेशातल्या लिलावात पाठवायची, असं त्याने परस्पर ठरवून मला फोनवर कळवलं होतं. मी मात्र मुक्ताईला त्याच ताटलीत वाढणार होते. माझं केळवणही तिच्यातच झालं होतं.

मैत्रीने हातमोजे घालून ताटली उचलली. काठाला गर्द निळी पट्टी, तिच्यावर सोन्याची वेल, मध्ये मध्ये पांढऱ्या गोलांत फुलांचे गुच्छ. पोरगी हुशार होती. एक गुच्छ दुसऱ्यासारखा नाही, हे तिने लगेच दाखवलं.

"झारच्या कारखान्यातलं काम आहे," ती म्हणाली. "सोनं हाताने लावून भाजलंय, मग अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणलीय."

मधोमध दोन डोक्यांचा गरुड. आमच्या आईच्या लेखी तो गंडभेरुंड. वडिलांनी कॅम्पातल्या एका लिलावातून चिनी मातीची भांडी आणली, त्यांत ही निघाली. देवळाच्या भिंतीवर असतो तो पक्षी, म्हणजे शुभच, असं म्हणून आईने ती केळवणासाठी राखून ठेवली.

"आत्या, घराण्याची वस्तू आहे ती," विश्वजीत म्हणाला.

"घराणं म्हणजे कोण रे? तू?"

मैत्रीने ताटली उलटी केली. "हा शिक्का बघा. निळा मुकुट, खाली झारच्या नावाचं अक्षर." मग ती थबकली. शिक्क्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, सत्यशीला. म्हणजे मी.

विश्वजीतने कपाळावर हात मारला. "कोणी वाटोळं केलं हे?"

"तुझ्या आजीने. काच कापायच्या हिऱ्याने कोरून घेतलं. झारने स्वतःच्या ताटलीवर नाव घातलं तर तो शिक्का, आणि माझ्या आईने घातलं की वाटोळं होय?"

मैत्रीला हसू आवरेना. "याने किंमत उतरेल, पण घेणारा मिळेल. त्याखालचं नाव मात्र ताजं दिसतंय."

ताजंच होतं. विश्वजीतचा फोन ठेवला आणि मी तडक बुधवार पेठ गाठली. भांड्यांवर नावं घालणारा संपत म्हणाला, "मावशी, फुटली तर माझ्या नावाने ओरडू नका." म्हटलं, फुटली तर फुटली, तू घाल.

विश्वजीतने ते वाचलं. मुक्ताई.

"आता विकायची का, ते हिला विचार," मी म्हटलं.

"नाही विकायची, बाबा," मुक्ताई म्हणाली आणि पाटावर जाऊन बसली.

मी बासुंदी वाढली. तळाचा पक्षी दिसेपर्यंत तिने ती चाटूनपुसून संपवली. मग विचारलं, "आत्याआजी, पणजीने तुझंच नाव का घातलं?"

"आपल्या घरात हंड्यापासून डावापर्यंत सगळ्यावर पुरुषांची नावं. लहानपणी मी एकेक भांडं उलटं करून माझं नाव शोधायची. आईने ते पाहिलं असणार. माझ्या केळवणाला तिने ही ताटली वाढली, आणि जेवून झाल्यावर म्हणाली, उलटी कर. फार रडले मी तेव्हा."

विश्वजीतने बासुंदीचं पातेलं उचललं आणि लेकीला आणखी वाढायला वाकला. तिने हातानेच थांबवलं, ताटली धुऊन आणली आणि उलटी करून खिडकीशी धरली.

"खाली अजून जागा आहे," ती म्हणाली.

"असणारच. संपतला मी बारीक घालायला सांगितलं होतं."