येस येस, ऑफ कोर्स

चष्मेवाल्याच्या बायकोला दुकानात बसायचं होतं. ना दागिना हवा होता, ना सहल. फक्त सकाळची काउंटरमागची ती फिरती खुर्ची. लग्नाआधी तिने हेच काम केलेलं, फ्रेमचा बारीक स्क्रू ती डोळे मिटून बसवायची. पण नवरा म्हणायचा, "अगं, गिऱ्हाईक इंग्रजी फाडतं. तू काय त त प प करणार?"

स्वतः मोठा इंग्रजीवाला! भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं आणि "येस येस, ऑफ कोर्स", एवढ्या भांडवलावर स्वारीने आजवर निभावलं होतं. कुणी गोल फ्रेम मागितली की मान डोलवून चौकोनी पुढे करायचा. बायकोला हे पक्कं ठाऊक होतं, पण म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागली. बाईंनी जर-तरची वाक्यं शिकवली. "इफच्या मागोमाग विल घुसडाल तर खबरदार," असं बजावलं, आणि घरी कुणाला तरी वाक्यं ऐकवून उत्तर घ्यायला सांगितलं. सासूबाई ऐकायच्या आणि अर्थ विचारून घ्यायच्या. नवरा कशाला विचारतोय!

"इफ यू रन, यू विल कॅच द बस."

"येस येस, ऑफ कोर्स," वर्तमानपत्राआडून उत्तर आलं.

तिच्या डोक्यात किडा वळवळला. "इफ आय पास द टेस्ट, आय विल सिट इन द शॉप एव्हरी मॉर्निंग, ॲन्ड यू विल कुक."

"येस येस, ऑफ कोर्स!"

सासूबाईंना ठसका लागला.

ती पास झाली आणि तिने दुकानाची किल्ली मागितली. तो भडकला, "मी कधी कबूल केलं?"

"अरे, माझ्यासमोर हो म्हणालास," सासूबाई म्हणाल्या. "का, तुला कळलं नव्हतं?"

इकडे आड, तिकडे विहीर! नाही म्हणावं तर अब्रू जाते, हो म्हणावं तर खुर्ची. "कळलं होतं की," तो पुटपुटला आणि किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून तिने आधी एक गिरकी घेतली. काय बरं वाटलं तिला! तेवढ्यात नवऱ्याचा फोन. भातात पाणी किती? मग पुन्हा, मीठ कुठंय? तिसऱ्यांदा वाजला तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. ती गोड आवाजात म्हणाली, "इफ यू कॉल अगेन, आय विल टेक द इव्हनिंग्ज टू."

"येस येस, ऑफ कोर्स," तिकडून आलं.

गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसते न बसते, तोच फोन वाजला.