बिश्केक ते ओश, चाळीस मिनिटं

"बाबांना जरा ताप आलाय. ये सावकाश," सकाळी सात वाजता ओशहून तुर्गुनचा फोन आला, तेव्हा बुरुलायने सरळ विचारलं होतं, "दादा, विमानाने येऊ का? दहाचं मिळेल."

"विमान कशाला? तापच तर आहे. टॅक्सीने ये."

सख्खा मोठा भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेईल? बिश्केकहून उडालेलं विमान चाळीस मिनिटांत ओशला टेकतं. रस्त्याने सहाशे किलोमीटर, वर दोन घाट. बारा तास कुठे गेले नाहीत! तरी ती बसली बापडी, तीन अनोळखी माणसांबरोबर. वाटेत सुसामिरला ड्रायव्हर कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला निवांत उतरला, तर तिनेही घोटभर घेतलं.

पण तुर्गुनचे फोन थांबेनात. कुठे पोचलीस? जेवलीस का? दुपारी एक वाजता, तोक्तोगुलच्या खाणावळीत तिने त्याला धरलं. "बाबांकडे फोन दे."

त्याच्या मागे बायकांचा आक्रोश ऐकू आला.

"केव्हा?"

"पहाटे. बुरुल, तू एकटी होतीस गं. दूरच्या माणसाला असं एकदम सांगायची रीत नाही आपल्यात."

"खड्ड्यात गेली तुझी रीत! माती कधी आहे?"

"तीनला. एवढा उन्हाळा, म्हातारी मंडळी थांबायला तयार नाहीत."

"थांबव त्यांना! मला बाबांचं तोंड बघायचंय. एकदाच, दादा."

"ते माझ्या हातात नाही."

"आणि खोटं बोलणं? ते होतं ना हातात? मी विमानाचं विचारलं होतं रे तुला, विचारलं होतं!"

रीत तिला काय ठाऊक नव्हती? पण रीत पाळायची म्हणून लेकीला डोंगर चढायला लावायचे? पुढची वाट तिने दात-ओठ खात काढली.

पोचायला सात वाजले. अंगणात शोकाचा तंबू होता, आत बाबांना ठेवलेली जागा रिकामी होती. बाहेर पुरुष काठ्यांवर रेलून रीतीप्रमाणे मोठ्याने रडत होते, तुर्गुन सगळ्यांच्या पुढे. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ती आत बायकांत बसली आणि तिने विलाप धरला. विलापात लेकीने काय वाटेल ते म्हणावं, तिला कुणी अडवायचं नसतं.

"बाबा, तुमच्या लेकाने गाव बोलावलं! वरच्या आळीचे आले, खालच्या आळीचे आले, ज्यांच्याशी तुमचं पटलं नाही तेही आले! सगळ्यांना खरं सांगितलं, बाबा, मला एकटीला ताप सांगितला! परक्यांनी तुमचं तोंड पाहिलं, मी नाही पाहिलं!"

बाहेरचं रडणं थांबलं. तुर्गुन बायकांमधून वाट काढत आत आला, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "बुरुल, चुकलो मी. बस कर. लोक ऐकतायत."

तिने डोक्याचा रुमाल तोंडावरून काढला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, आणखी मोठ्याने.